तात्यासाहेबांचा राऊंड

मी आवडाबाई. राहते शहरात, पुंडलिकनगरला, पण तोंड अजून खेड्यातलंच हाय, आन् त्याची मला लाज नाय.

माझी धाकटी बहीण सरू पाचोडला दिलेली. ती तिथल्याच दवाखान्यात बाळंत झाली. गावानं वर्गणी काढून बांधलेला हा दवाखाना, आन् त्याचे अध्यक्ष तात्यासाहेब, म्हंजे सरूचे चुलत सासरे. माणूस वाईट नाय, ते आधीच सांगते. पण सकाळी डॉक्टरीणबाई राऊंडला निघाल्या की हे फेटा बांधून त्यांच्यापुढं. बायांच्या वॉर्डात बी. दर खाटेपाशी थांबायचं आन् विचारायचं, काय सूनबाई, बरं हाय ना? सगळा गाव कौतुक करायचा, अध्यक्ष असावा तर असा.

मी बाळंतिणीला भेटायला डिंकाचे लाडू घेऊन गेले. सरूच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. डोळे तारवटलेले, बोलणं तोंडातल्या तोंडात. पांघरूण सारलं तसा वास आला. टाके पार पिकले होते.

डॉक्टरला सांगितलं नाय व्हय, म्हणून मी खेकसलेच. तर म्हणती, मामंजी असतात ना गं संगं, त्यांच्यापुढं असलं कसं बोलू? नर्सला सांगितलं होतं. नर्सनं तापाची गोळी दिली आन् राऊंडला सांग म्हणाली.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तात्यासाहेब गावात कुणाचे सासरे, कुणाचे थोरले दीर. त्यांची चाहूल लागली की वॉर्डातल्या समद्या बाया पदर ओढून गप. आन् ही डॉक्टरीणबाई, अंबिका तिचं नाव, शहरात शिकलेली, खाटेच्या पायथ्याशी उभी राहून यांच्या साक्षीनं विचारणार. बाई पदराआडून बरं हाय म्हणणार. झाली तपासणी, चला पुढच्या खाटेकडं! आगं, सासऱ्यापुढं कोणती बाळंतीण आपलं दुखणं उघडं करंल?

तेवढ्यात व्हरांड्यात वहाणा वाजल्या. अंगात एवढा ताप, तरी सरूचा हात पदराकडं गेला. ते बघून माझं डोकंच फिरलं. मी जाऊन दारात आडवी उभी राहिले.

"तात्यासाहेब, तुमी भाईर थांबा."

ते गोंधळले. रोजच्यासारखी विचारपूस करायला आलोय, म्हणाले.

"तुमी विचारता म्हणूनच ती सांगत नाय. टाके पिकलेत तिचे, कमरंखाली. ऐकवत नाय ना? मग तिला सांगवंल कसं?"

तात्यासाहेबांची मान खाली गेली. त्यांच्या मागनं आलेल्या डॉक्टरीणबाईला मी हाताला धरून आत ओढलं आन् दार लावून घेतलं. तिनं टाके बघितले आन् तिचा चेहरा पांढराफट्ट पडला. मी रोज विचारत होते हो, म्हणाली.

"बाई, विचारून काय उपेग? बघायचं होतं!"

मग मात्र तिनं सरूला नीट तपासलं. जहर अंगात भिनायला लागलंय, आत्ताच्या आत्ता शहरात घाटीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, नायतर हातातनं जाईल, म्हणाली. लेकरू शेजारच्या खाटेवरच्या बाईनं आपणहून जवळ घेतलं.

जीप तात्यासाहेबांचीच. सरूला उचलून आणली तवा ते जीपपाशी उभे होते, डोळ्यांत पाणी. माणसाची सवय बघा, तोंडातनं तेच निघालं, "सूनबाई, बरं हाय ना?"

सरूनं पदर ओढला. मी दातओठ खाल्ले. आता हिनं बरं हाय म्हणलं तर मीच हिला एक ठेवून देणार होते.

"बरं नाय, मामंजी," पदरातनं आवाज आला. लग्न होऊन आल्यापासनं ती त्यांच्याशी धड बोलली नव्हती. "लई दुखतंय. आन् आत त्या बाया हायेत ना, त्या बी खोटंच सांगतात तुमाला. तुमी आत येत नका जाऊ."

तात्यासाहेबांनी काय तोंड केलं ते मी बघितलं नाय. डायवरला म्हणलं, काढ गाडी.

सरू वाचली, पण लई हाल काढून. लेकरू तवर त्या शेजारच्या बाईच्या दुधावर जगलं. लोक म्हणतात, झालं गेलं विसर. मी नाय विसरत. आता राऊंडच्या वक्ताला तात्यासाहेब भाईर बाकड्यावर बसतात म्हणं. बसू द्या.