घरचा विषय

आमचा दत्तात्रेय झाशी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून. दिवसभर वजन बघून भाडं सांगायचं, त्यामुळे माणसांचंही तो तेच करायचा. मी त्याची थोरली बहीण, बकुळा. त्याच्याच घरी राहते आणि त्याला चार शब्द सुनवायचा हक्क मी अजून सोडलेला नाही.

त्याच्या लेकीला, शारदेला, दहावीनंतर अलाहाबादच्या मुलींच्या कॉलेजात विज्ञान शिकायचं होतं. तिथे जागा मोजक्या आणि फर्स्ट डिवीजनवाल्या मुली पुष्कळ. दत्तूने डोकं चालवलं आणि गणिताऐवजी तिला मराठी घ्यायला लावली.

"मराठी तर घरची. सत्तर नंबर कुठे गेले नाहीत. वेळ वाचेल त्यात हॉकी खेळ. सर्टिफिकेट पण बघतात म्हणे."

"बाबा, मला मैथ्स आवडतं."

"तिथे डिवीजन विचारतात. आवड कोण विचारतं?"

हॉकी ती तशीही खेळत होती. झाशीत हॉकी न खेळणारं मूल म्हणजे आजारी मूल. पण त्या दिवसापासून शेजारच्या मुलीचं गणिताचं पुस्तक आमच्या घरात दिसायला लागलं. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

तिमाही परीक्षेत शारदेला मराठीत एकतीस मिळाले. मराठीच्या प्रमोदिनीबाई नागपूरहून नव्याच आलेल्या. त्यांनी सगळा पेपर लाल केला होता. दत्तू भडकला. "पेशव्यांच्या वेळेपासून आमचं खानदान इथे मराठी बोलतंय. या बाई काल आल्या."

मला त्याचा तोरा सहन होईना. म्हटलं, "मग तूच बस पेपरला."

रविवारी तो खरंच बसला. निबंध होता आपल्या गावावर. मोठ्या हौसेने पानंच्या पानं लिहिली. शारदेच्या हाती मी तो पेपर नाव न घालता बाईंकडे पाठवला. अठ्ठावीस मिळाले. खाली लिहिलं होतं, 'विचार चांगले. घरी मराठी बोलण्याचा सराव करावा.'

मी हसायचं ठरवून ठेवलं होतं. हसू आलं नाही. आई आमच्याशी जे बोलली, आजी आईशी जे बोलली, ते सगळं त्या लाल शाईखाली गेलं होतं. मला फार वाईट वाटलं. दत्तू तर पान हातात घेऊन लाल खुणा मोजत होता.

"बाबा," शारदा म्हणाली, "बोर्डाचा फॉर्म अजून गेला नाही. मैथ्स घेऊ?"

"फर्स्ट डिवीजन जाईल."

"मराठीने पण जाईल."

"मग हॉकी बंद कर."

"हॉकी नाही बंद करणार. खेळून आले की सवाल सुटतात."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "जायचं तिला आहे." त्याने सही केली, पण चेहरा असा की पोर आता हातची गेली.

निकालाचा पेपर गाडीने यायचा. दत्तू प्लॅटफॉर्मवर उभा राहून तो घेऊन आला आणि पाटावर बसला. शारदेचा नंबर सेकंड डिवीजनमध्ये होता. पोर आत जाऊन चुलीपाशी रडली. मला दत्तूचा राग आला आणि स्वतःचाही.

पेपर पुन्हा डोळ्यांजवळ धरून तो म्हणाला, "अक्का, नंबराच्या बाजूला हे अक्षर कसलं?"

ती गणितातल्या विशेष योग्यतेची खूण होती. डिवीजनच्या पलीकडे त्याने आजवर कधी वाचलंच नव्हतं.

तेवढ्या एका अक्षराच्या भरवशावर आम्ही तिघं अलाहाबादला गेलो. तिथल्या बाईंनी "सेकंड?" म्हणत अर्ज डावीकडच्या, नाकारलेल्या अर्जांच्या गठ्ठ्यावर टाकला. साहेबांपुढे कधी तोंड न उघडणारा माझा भाऊ पुढे वाकला. "मैडम, एक बार मैथ्स भी देख लीजिए."

त्यांनी अर्ज पुन्हा हातात घेतला, हॉकीचं सर्टिफिकेट उलटून पाहिलं. "इम्तहान के लिए हॉकी छोड़ी थी?"

"नहीं जी," शारदा म्हणाली.

"नंबर चाहिए थे तो कोई आसान विषय क्यों नहीं लिया?"

शारदेने मान खाली घातली. बापाचं नाव घ्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. उत्तर दत्तूनेच दिलं.

"लिया था जी. उसमें मैं फेल हो गया."

बाईंना काय कळलं कोण जाणे. त्यांनी अर्ज उजवीकडे ठेवला.