नाकुरूची कॅसेट

सदानंदने प्लेचं बटण दाबलं आणि कतारच्या दोह्यातल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हजारो फ्लेमिंगो एकदम कलकलायला लागले.

शुक्रवारची दुपार. पडदे ओढलेले, एसी घरघरतोय, आणि सोफ्यावर नंदू पोह्यांची बशी पोटावर ठेवून पसरलेला. नंदू त्याच्याच ऑफिसातला ड्राफ्ट्समन, कोल्हापूरचा. कौतुक करणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

“नाकुरू लेक. केनिया,” सदानंद म्हणाला. “वीस फुटांवर होतो मी.”

“आमच्या पाण्याच्या टँकरचा पंप अस्साच बोंबलतो, सद्या. एवढ्यासाठी आईला सोडून आफ्रिका गाठलीस होय?”

सरोजने चहाचा कप नवऱ्यापुढे जरा जोरातच ठेवला. कंपनीचं वर्षाचं तिकीट यंदा मुंबईऐवजी नैरोबीचं काढलं होतं. सिन्नरला आईला मात्र ‘रजा मिळाली नाही’ एवढंच कळवलेलं.

पेलिकन झाले. पाणघोडा झाला; तो जेवून झोपलेल्या मामलेदारासारखा घोरत होता. मग गाडीच्या टपावर धप्प आवाज, सदानंदची किंकाळी, आणि “चिवडा! अगं, चिवड्याचा डबा!” बबून माकड डबा घेऊन पळालं तेव्हा घाबरून सदानंदने रेकॉर्डिंग बंद केलं होतं. नंदूला हसून हसून ठसका लागला.

खट्ट आवाज झाला. आणि त्याच टेपमधून एक बाई बोलायला लागली.

“...तर एवढंच मागणं आहे, सदू. तू हो म्हण. तू हो म्हणालास की मी दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही. आणि मग मागे फिरणं नाही.”

कप ठेवल्याचा आवाज. एक लांब श्वास. पुढे नुसती टेप फिरत राहिली.

नंदूचं हसू तोंडातच राहिलं.

“अहो, ही सासूबाईंची कॅसेट,” सरोज म्हणाली. “होळीच्या आधी आलेली. तिच्यावर पक्षी भरलेत तुम्ही?”

“निघताना कोरी सापडेना.”

“ऐकली तरी होतीत का?”

सदानंदने चष्मा पुसायला घेतला. आईची कॅसेट म्हणजे साठ मिनिटं विहिरीचं पाणी, चुलत्यांची भांडणं आणि गुडघे. त्यावर त्याने इंजिनियरसारखा उपाय काढला होता. डबल डेकवर एकच उत्तर भरून त्याच्या सहा कॉप्या करून ठेवल्या होत्या. मुंबईला जाणाऱ्याच्या हातात एक दिली की महिना खलास.

“काय भरलंयस त्यात?” नंदूने हळूच विचारलं.

“हेच... आई, कॅसेट ऐकली. तू म्हणतेस ते बरोबर आहे. तसंच होऊ दे. माझी हरकत नाही.”

“देवा रे.” नंदूने बशी खाली ठेवली. “मग तू हो म्हणालायस.”

त्यांनी टेप मागे नेऊन स्पीकरला कान लावले. फ्लेमिंगोंच्या खाली कुठेतरी काही पुटपुटल्यासारखं वाटत होतं, पण फ्लेमिंगो काही गप्प बसेनात.

सिन्नरचा ट्रंक कॉल लागायला दोन तास गेले. आईच्या शेजारी मेडिकलचं दुकान होतं, तिथला मुलगा तिला बोलवायला धावला. सरोज आणि नंदू रिसीव्हरला डोकं टेकवून उभे.

“सदू? बरा आहेस ना रे?” आईचा आवाज इतका खुशीत त्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. “तुझं उत्तर आलं बघ. मला वाटलं होतं तू चिडशील. किती समजूतदार झालास! धाकटा रडला, पाया पडला. मी म्हटलं, थोरला हो म्हणालाय.”

आईच्या मागे कुणीतरी दगडावर छिन्नी चालवत होतं. एकसारखी, सावकाश.

“आई, तो आवाज...”

“तेच काम चाललंय. माझं नाव माझ्यासमोरच कोरून घेतेय, नंतर वाकडंतिकडं करतात.”

“विचारा,” सरोजने ओठ हलवले. “काय ते विचारा!”

सदानंदने तोंड उघडलं. विचारायचं म्हणजे ऐकली नव्हती हे सांगायचं. रजेचं सांगायचं. कॉप्यांचं सांगायचं.

“गुरुवार धरलाय,” आई म्हणाली. “तू येऊ नकोस, लांब पडतं. तुझा होकार आहे, तेवढं पुरे. बदलणार नाहीस ना?”

छिन्नी थांबली. तिकडे सगळेच ऐकत असावेत.

सदानंदने फोनशेजारचं पॅड ओढलं, पेनाचं टोपण काढलं.

“गुरुवारी,” तो म्हणाला, “किती वाजता?”