हलत्या पाकळ्यांचा टर्बो

कुंभारीच्या अक्षताचा टर्बो दुरुस्तीत बारा वर्षं हात बसलेला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरून आत हवा कोंबणारा पंखा; नुसत्या शिट्टीवरून ती ट्रकच्या टर्बोचं दुखणं सांगायची. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका डिस्टिलरीनं बायोगॅसवर वीज करणारं इंजिन दाखवायला बोलावलं, ते लई गॅस खात होतं. तिनं तासाभरात निदान केलं.

"लोड कमी असला तरी टर्बो हवा दाबतोच, आणि पुढं थ्रॉटलची झडप तीच हवा अडवती. एकानं ढकलायचं, दुसऱ्यानं वढायचं, असं चाललंय अण्णा. धुराच्या वाटेवरच्या पाकळ्या हलणारा टर्बो बसवू. लोड वाढला की मिटतील, कमी झाला की उघडतील."

अण्णा म्हणजे रेवणप्पा, इंजिनघराचे जुने फोरमन. ते हसले. "डिझेलला ठीक हाय ते. गॅसच्या इंजिनाचा धूर लई तापतो. पाकळ्या अडकून बसतील की."

"धातू तसली धग सोसणारा घेते. जबाबदारी माझी."

महिन्याभरात टर्बो बसला. चाचणीला मॅनेजरसकट सगळे हजर. पहिला तास इंजिन झकास चाललं. दुसऱ्या तासाला ते आचके द्यायला लागलं, आणि रेवणप्पांनी बटण दाबून बंद केलं. मॅनेजर निघून गेले.

टर्बो निवल्यावर अक्षतानं उघडला. पाकळ्या बोटानं सहज हलल्या. तिचा चेहरा उजळला.

"काजळीनं अडकल्या असत्या तर आत्ताबी हलल्या नसत्या. तापल्यावर फुगतात अन् जागा पुरत न्हाय. चूक माझी अण्णा, फट मी डिझेलच्या मापाची ठेवली. कडा केसभर घासायला पायजेत."

"कुणाच्या केसाएवढ्या? माझे तर कवाच गेले," टकलावरून हात फिरवत रेवणप्पा म्हणाले, आणि पाकळी तिच्या हातातून घेतली. "दे हिकडं. ग्राइंडरवर माझा हात बरा हाय."

दोघांनी मिळून एकेक पाकळी घासली. ती मोजायची, ते घासायचे. माप चुकलं तर ती परत द्यायची, ते पुन्हा घासायचे.

दुसऱ्या चाचणीत इंजिन दिवसभर चाललं. लोड चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. पाकळ्या एकदाही अडल्या नाहीत. तेवढीच वीज, आणि गॅस सात टक्के कमी. मॅनेजरनी मीटर दोनदा वाचला.

अक्षता हात धुऊन आली तर रेवणप्पा शेजारच्या इंजिनावर चढून जुन्या टर्बोचे बोल्ट सैल करत होते.

"अण्णा, ह्याला परवानगी मिळाली व्हय?"

"मिळंल की. बघतीस काय? पाना घे."