तळटीप दोन

"सर, ते तेवढं काढून टाका. अभ्यासाला आमी कुठं नाय म्हणतो?"

नवीनशेठ हे अगदी प्रेमानं बोलले, आणि त्याचीच मला धास्ती वाटली. डोंगराखालच्या देवीच्या ट्रस्टचे ते अध्यक्ष. खालापूरकडच्या ज्या कॉलेजात मी इतिहास शिकवतो, त्याच्या मंडळावरही तेच. एकोणीस वर्षं मी तासिका तत्त्वावर आहे. दर जूनला माझी नेमणूक नव्यानं होते, आणि होईल की नाही हे नवीनशेठसारखे लोक ठरवतात.

प्रकरण काय, तर माझा ब्लॉग. त्या देवीवर अकरा वर्षांपूर्वी मी इंग्रजीत निबंध छापला होता. चार जणांनी वाचला असेल, त्यातला एक मी. कुणाचं काही बिघडलं नाही. गेल्या दिवाळीत तोच मराठीत ब्लॉगवर टाकला. म्हटलं, ज्यांच्या देवीबद्दल लिहिलं त्यांना तरी वाचता यावं. हौस हो, दुसरं काय! आठवड्याभरात तो पंचक्रोशीतल्या मोबाइलांवर फिरला.

लिहिलं होतं एवढंच, की देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला मूळ पाषाण, डोंगरावरच्या ठाकरांच्या वाडीवरून खाली आला. जत्रेत पहिली परडी वाडीतल्या ठाकर बाईची चढे, असं गावच्या जुन्या निवाड्यात आहे. नवं देऊळ झालं तेव्हापासून, म्हणजे चाळीसेक वर्षं, ती परडी बंद आहे. आता पहिला मान अध्यक्षांच्या घराचा.

"यात खोटं काय आहे?" मी विचारलं.

"खरं-खोटं इंग्रजीत ऱ्हाऊ द्या ना, सर. मराठीत कशाला? उगाच वाडीवाल्यांच्या डोक्यात भरतंय."

भिसेगावला घरी आलो. चप्पलसुद्धा न काढता कॉम्प्युटर उघडला. नक्की काढायचं का, असं त्यानंही विचारलं. त्याला काय सांगणार? दाबलं बटण. बायकोनं चहा आणून ठेवला तो तसाच गार झाला.

हे वाडीवरच्या सोनुबाईंना सांगायला हवं होतं. परडी नेणारी शेवटची बाई म्हणजे त्यांची सासू, आणि ती हकिकत मला सांगितली सोनुबाईंनीच. त्यांना वाचता येत नाही. नात रोहिणी माझा निबंध मोबाइलवरून वाचून दाखवायची. वाडीवर जायचं रोज ठरवायचो. चढ आहे, ऊन आहे, असं करत राहून गेलं. खरं सांगतो, जायला तोंड नव्हतं.

चैत्रातल्या जत्रेला गेलो तोही नवीनशेठनी बोलावलं म्हणून. देवळाच्या पायरीवर त्यांची बायको पूजेचं ताट घेऊन उभी होती. इतक्यात गर्दीतून सोनुबाई आल्या. धुवट लुगडं, डोक्यावर परडी, परडीत मोहाची फुलं. मागे रोहिणी.

"ओ आजी, रांगेत या," एकानं हटकलं.

"आमची परडी पयली हाय," सोनुबाई म्हणाल्या. "मास्तरांनी लिवलंय."

"थांबा, दाखवते," म्हणत रोहिणीनं मोबाइल काढला. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. "रेंज नाय वाटतं, आजी."

रेंज होती. मी चपलांच्या ढिगाशी उभा होतो, तिथंच मान खाली घातली.

"कुठं लिवलंय? दाखवा की," नवीनशेठ म्हणाले, आणि हळूच माझ्याकडे बघून हसले.

सोनुबाईंनी परडी उतरवून रोहिणीकडे दिली, पदर सावरला आणि सुरू केलं.

"सदर देवीचा तांदळा हा मूळचा डोंगरावरील वाडीतील असून, यास निवाड्यात स्पष्ट आधार सापडतो. तळटीप एक."

अरे देवा! वाक्यं माझी होती. कॉलेजात पोरं ज्यांना जांभया देतात, ती माझी रटाळ वाक्यं. या बाईनं ती नातीच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ केली होती, जात्यावरची ओवी करावी तशी. पहिल्यांदा दोघं-तिघं हसले. मग हसणं थांबलं. ढोलवाल्यानं ढोल खाली ठेवला. त्या कुठं अडल्या नाहीत, की एक शब्द गाळला नाही.

"तळटीप दोन. ही माहिती सोनुबाई, वय अंदाजे साठ, यांनी सांगितली."

स्वतःचं नावही त्यांनी त्याच सुरात घेतलं. मग गर्दीत इकडंतिकडं बघत मला हुडकून काढलं.

"हितवरच हाय ना, मास्तर? का काय सुटलं माज्याकडनं?"

सगळी जत्रा माझ्याकडे बघत होती. नवीनशेठ आता हसत नव्हते. जून दोन महिन्यांवर आला होता. इतका थकवा मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

"काही सुटलं नाही, सोनुबाई," मी म्हणालो. "सगळं लिहिलं होतं तसंच आहे. पुसलं ते मी."

त्यांनी मान डोलावली. रोहिणीकडून परडी घेतली, डोक्यावर ठेवली आणि पायरीशी जाऊन उभ्या राहिल्या.

नवीनशेठच्या बायकोनं त्यांच्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. आणि हातातलं ताट घेऊन, सोनुबाईंना वाट देत, ती एक पायरी खाली उतरली.