अटलांटिकची रंगीत तालीम

ज्या माणसाने आयुष्यात एकदा तरी बायकोला शेजारी बसवून अटलांटिकच्या काठाकाठाने गाडी हाकली नाही, त्याने संसार केला असं म्हणूच नये, असं प्रबोधराव टिपणीस यांचं ठाम मत होतं. सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंडाची दुसरी वाटी संपवून त्यांनी ते माइकवर मांडलं, आणि ज्याने समुद्र पालथे घातले त्याला रस्त्याची काय मातब्बरी, असंही वर जोडलं. टाळ्या पडल्या. पुढे काही महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, सेंगकांगच्या बहुमजली कार पार्कमध्ये भाड्याच्या गाडीत बसून ते हेच मत पुन्हा एकदा तपासून पाहत होते. कारण गाडी सुरू झाली आहे की नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

"झाली सुरू?" शेजारून उल्काने विचारलं.

"होतेय."

प्रबोधराव जहाजावर चीफ इंजिनिअर होते. तीन मजली इंजिनाला कान लावून कुठला सिलिंडर कुरकुरतोय ते सांगणारा माणूस. ही गाडी मात्र अर्धी विजेवर चालणारी. बटण दाबलं तरी तोंडातून अवाक्षर काढेना. इंजिनरूममध्ये इतकी शांतता पसरली की जहाज बंद पडलं असं समजायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. प्रबोधरावांनी ते घेतलं.

खरी अडचण आवाजाची नव्हती. प्रबोधरावांना गाडी चालवता येत नव्हती.

लायसन्स होतं, अगदी रीतसर होतं. लग्नाआधी पुण्यात एका मैदानावर त्यांनी मारुतीने इंग्रजी आठ काढून दाखवला, लायसन्स घेतलं आणि पुढच्याच आठवड्यात जहाज पकडलं. कुटुंब सिंगापूरला आल्यावर इथल्या नियमांची लेखी परीक्षा दिली. लेखी परीक्षेत हरेल तो इंजिनिअर कसला? जुन्या लायसन्सच्या जागी नवं मिळालं. मैदान आणि परीक्षा यांच्यामध्ये रस्ता म्हणून जो प्रकार असतो, तो त्यांच्या वाट्याला आलाच नाही. आणि या बेटाने त्यांचं बिंग जपलं. जिथे गाडी घेण्याचा परवानाच कित्येकदा गाडीहून महाग, तिथे टिपणिसांकडे गाडी का नाही असं कोण विचारणार? जहाज सोडून तुआसच्या गोदीत नोकरी धरली, तर न्यायला-आणायला कंपनीची बस. गाडी न चालवणारे प्रबोधराव सगळ्यांना व्यवहारी वाटत राहिले.

पण पाडव्याच्या भाषणाला त्यांची लेक अश्लेषा हजर होती. ती पाया लेबार भागातल्या एका बँकेत होती, आणि आईवडिलांच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला काय द्यावं या विवंचनेत होती. आठवडाभरात ऑक्टोबरमधली लिस्बनची तिकिटं आली. तिथून खाली, दक्षिणेच्या टोकापर्यंत, समुद्राला खेटून जाणारा रस्ता. मुक्कामाची हॉटेलं ठरली, गाडी ठरली. गाडी बाबांच्या नावावर, कारण उल्काकडे लायसन्सच नाही. म्हणजे प्रबोधरावांनी चालवली तरच उल्काला तो किनारा दिसणार.

आणि उल्काला तो बघायचाच होता. ही आवडही प्रबोधरावांचीच देणगी. तान्ह्या अश्लेषाला घेऊन ती फ्लॅटमध्ये एकटी असायची, तेव्हा बंदराबंदरातून त्यांचे फोन यायचे. लाल खडक, पांढरं दीपगृह, खडकांवर फुटणाऱ्या लाटा, आणि मावळताना पाण्यात विरघळणारा सूर्य. पंधरा मिनिटांचं फोनकार्ड असायचं; त्यातली दहा मिनिटं अटलांटिकवर जायची. फोन ठेवून उल्का लंगोट वाळत घालायची.

गेले तीन महिने प्रबोधराव सत्य सांगण्यासाठी योग्य वेळ शोधत होते. उल्का आनंदात असली की तिचा आनंद मोडवत नसे, आणि चिडलेली असली की अंगाशी येण्याची भीती. उल्काच्या बाबतीत याखेरीज तिसरी अवस्था नव्हती.

त्यात तालीम निघाली. मंडळाच्या एकांकिका उल्का बसवायची, आणि तालमीशिवाय ती कोणाला साधं आभारप्रदर्शनही करू देत नसे. "परक्या देशात एकदम प्रयोग नको," ती म्हणाली. "रविवारी रंगीत तालीम. सगळ्या सामानासकट. चांगीच्या समुद्राकडून जाऊन यायचं."

"तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात. इथे डावीकडे तालीम करून काय उपयोग?"

"डावीकडे जमलं की तेच उलटं करायचं. आरशात बघून वेणी घालतो तसं."

प्रबोधरावांनी कधी वेणी घातली नव्हती, त्यामुळे वाद तिथेच मिटला. अश्लेषाने त्यांच्या फोनवर भाड्याच्या गाडीचं अॅप टाकून दिलं आणि म्हणाली, "बाबा, सो ईझी लाह. यू ड्रोव्ह शिप्स."

तर असे ते दोघे तिसऱ्या मजल्यावर गाडीत बसले. उल्काच्या डोक्यावर रुंद काठाची हॅट, डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा, पायाशी चहाचा थर्मास. कार पार्कच्या मंद उजेडात तिला डबा सोडून काही दिसत नसावं.

गाडी सुरू होती, ती हलली तेव्हा समजलं. प्रबोधरावांनी ती खांबांमधून बाहेर काढली, आणि जमतंय की, असं मनाशी म्हणेपर्यंत रॅम्प समोर आला. खाली जाणारा डावीकडे होता. ते उजवीकडे वळले.

"हा वर जातो," उल्का म्हणाली.

"आधी वर जाऊन मग उतरायचं. इंजिन गरम होतं."

रॅम्प नागमोडी आणि अरुंद होता. अर्ध्या वळणावर गाडीने पहिला आवाज काढला. टीं. मग दुसऱ्या बाजूने, मग चारी बाजूंनी, न थांबता. प्रबोधरावांनी ब्रेकवर पाय रोवला. त्यांच्या दाराशी कठड्याची भिंत होती, उल्काच्या दाराशी खांब. दोन्हीकडे हात जाईल, माणूस जाणार नाही, एवढीच फट. पुढे वळणाचा गोल आरसा, आणि त्यात दोघंही बुटकी व गोलमटोल दिसत होती. मागे एक गाडी येऊन थांबली. तिच्यामागे दुसरी.

इंजिनरूममध्ये गजर झाला की आधी 'ऐकला' म्हणून बटण दाबून त्याला गप्प करायचं आणि मग विचार करायचा, असा शिरस्ता असतो. प्रबोधराव ते बटण शोधू लागले. काचेवरचे वायपर सुरू झाले. मग खिडक्या उतरल्या. मग रेडिओवर कोणीतरी चिनी भाषेत खूप आनंदाने काही सांगू लागलं.

"अहो, काय करताय?"

"गजर बंद करतोय."

"तो गाडी आदळतेय म्हणून वाजतोय ना?"

"म्हणूनच."

मागच्या गाडीतून एक वयस्कर चिनी गृहस्थ उतरून आला. पायात सपाता, बोटाला दोरीने लटकवलेली कॉफीची प्लास्टिकची पिशवी. त्याने गाडीला मागून निरखलं आणि मागच्या कोपऱ्यातूनच उघड्या खिडकीच्या दिशेने वाकला.

"अंकल, यू स्टक आह?"

"नो, नो. चेकिंग," प्रबोधराव म्हणाले.

"आय ड्राइव्ह आउट फॉर यू, कॅन?"

प्रबोधरावांच्या मनात आलं, की हा माणूस साक्षात देव आहे. पण देवाला आत घ्यायला दार उघडायला हवं होतं, आणि ते उघडत नव्हतं. गृहस्थाने फट पाहिली, मान हलवली आणि कॉफीचा घोट घेत आपल्या गाडीकडे परतला. आता घाई नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

उल्काने चष्मा काढला. "मागे घ्या ना."

"घेतो."

काही झालं नाही. प्रबोधरावांचे हात स्टिअरिंगवर नुसते ठेवलेले होते.

"अहो, तुम्हाला मागे घेता येतं ना?"

तिसरी अवस्था आली होती. ना आनंद, ना राग. आणि पळून जायला दार नव्हतं.

"मला पुढेही घेता येत नाही," प्रबोधराव म्हणाले. "मैदानावर एकदा चालवली होती. तीस वर्षं झाली."

टीं, गाडी म्हणाली.

"आणि ऑक्टोबरात काय करणार होतात?"

"काहीतरी होईल असं वाटत होतं. संप वगैरे."

उल्काने पुऱ्यांचा डबा उघडला, एक पुरी घेतली आणि समोरच्या भिंतीकडे बघत खाल्ली. "माझं सोडा," ती म्हणाली. "पण इतक्या वेळा बघितलेला किनारा परत बघायची इच्छा नाही झाली तुम्हाला? ते लाल खडक, ते दीपगृह?"

एक खोटं बाहेर पडलं की दुसऱ्याला आत करमत नाही.

"बघितला नाही मी," प्रबोधराव म्हणाले. "त्या टोकाला वळसा घालून किती वेळा गेलो असेन, पण जहाज वर असतं आणि इंजिन खाली. पाण्याच्या पातळीच्याही खाली. तिथे खिडकी नसते. वर यायचो ते आंघोळ करून झोपायला. लाल खडक मेसमधल्या कॅलेंडरवर होते."

"आणि सूर्य?"

"जूनच्या पानावर."

मागच्या दोन गाड्यांच्या आता चार झाल्या होत्या, पण या देशातली माणसं हॉर्न वाजवत नाहीत. ती नुसती थांबून राहतात, आणि ते जास्त लागतं.

"म्हणजे तुम्ही त्या लोखंडी पेटीत आणि मी इथे दहाव्या मजल्यावर," उल्का म्हणाली. "मला वाटायचं, चार भिंतींत मी एकटीच आहे. तुमचा हेवा वाटायचा. भांडी घासताना तर फारच." तिने पुरीचा चुरा झटकला. "मग एवढं मोठं जहाज तुम्ही चालवायचात कसं, काही दिसत नसताना?"

"वरच्या सुकाणूच्या खोलीतून, ब्रिजवरून, हुकूम यायचा. डेड स्लो अहेड, म्हणजे अगदी सावकाश पुढे. आपण तोच परत म्हणायचा आणि तेवढंच करायचं. कुठे जायचं ते वरच्याने बघायचं."

ही सवय उल्काला चांगलीच माहीत होती. भात कमी वाढा म्हटलं की प्रबोधराव 'भात कमी' म्हणायचे आणि मगच कमी वाढायचे. तीस वर्षं तिला वाटत होतं, की आपली नक्कल चालली आहे. तिने हॅट काढून मागच्या सीटवर टाकली, आरशात मागे बघितलं आणि खिडकीतून हात काढून मागच्या गृहस्थाला मागे सरकायची खूण केली. मग ती ताठ बसली. तालमीत नट वाक्य विसरला की बसायची तशी.

"स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे."

"स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे," प्रबोधराव म्हणाले. हात आपोआप हलले.

"मागे. अगदी सावकाश."

"डेड स्लो अस्टर्न."

गाडी मागे सरकली. गजराचा एक सूर कमी झाला.

"थांब."

"स्टॉप." आणि थांबल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की तिचं 'अहो-जाहो' वाटेत कुठेतरी गळून पडलंय. ब्रिजवरचा माणूस 'अहो' म्हणत नाही, हे खरंच.

"आता डावीकडे. पुढे ये. बाहेर बघू नकोस, मी बघतेय. ये. ये. सरळ कर. ये."

प्रबोधरावांनी काही बघितलं नाही. तेवढं सोपं त्यांना आयुष्यात काहीच वाटलं नव्हतं. गजर एकेक करून विझले, खांब मागे गेला, भिंत मागे गेली, मागच्या बहुतेक गाड्या वाटेतल्या मजल्यांवर पांगल्या, आणि एकाएकी डोळ्यांवर ऊन आलं. ते गच्चीवर पोचले होते.

"स्टॉप," उल्का म्हणाली.

"स्टॉप," प्रबोधराव म्हणाले, आणि त्यांना थोडं वाईट वाटलं.

दोघं उतरून कठड्याशी गेली. इमारतींच्या रांगांपलीकडे पाण्याची एक राखाडी पट्टी दिसत होती, आणि तिच्यापलीकडे मलेशियातल्या कारखान्यांची धुराडी. उल्काने थर्मासच्या झाकणात चहा ओतला.

"ऑक्टोबरात असंच करायचं," ती म्हणाली. "मी सांगेन, तू चालव. मात्र तिथे एका बाजूला कडा आहे. तू रस्त्यावरची नजर काढायची नाहीस. समुद्राकडे तर अजिबात बघायचं नाही."

"बघायचं नाही," प्रबोधराव म्हणाले. आणि मग, ऐकलेला हुकूम परत म्हणून झाल्यावर, त्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरला. अटलांटिकच्या काठाने या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पुन्हा न बघता.

"उल्का, मधे कुठेतरी एकदा स्टॉप म्हणशील?"

"लाल खडकांपाशी?"

"हो. आणि सूर्य मावळताना. मावळून होईपर्यंत."

उल्काने त्यांच्याकडे पाहिलं. ती काहीतरी बोलणार होती, आणि ते चांगलं असणार होतं. कारण तिने झाकणातला चहा आधी त्यांच्यापुढे केला. इतक्यात मागे सपातांचा आवाज आला. कॉफीवाला गृहस्थ होता. पिशवी रिकामी झाली होती, आणि त्याची गाडी, गच्चीवर उरलेल्या दोन जागा अडवून बसलेल्या त्यांच्या गाडीमागे, धीराने उभी होती.

"सॉरी आह, अंकल," तो अजिजीने म्हणाला. "यू टेक टू लॉट्स. कॅन शिफ्ट अ लिटल बिट?"