गाडी उठेपर्यंत

शनिवारी सकाळी बाबा नेहमीसारखे गाडी सुरू करून तिच्याशेजारी उभे होते. अठरा वर्षांची, तिसऱ्या मालकाची, काळीभोर आलिशान गाडी. ती स्प्रिंगांवर नव्हे, हवेच्या फुग्यांवर उभी राहायची. रात्रभरात फुग्यांतली हवा निघून जायची आणि सकाळी ती बसकण मारलेल्या म्हशीसारखी दिसायची. इंजिन सुरू केलं की कम्प्रेसर घरघरत हवा भरायचा आणि चार मिनिटांत बाईसाहेब उठायच्या. तोवर गाडी जागची हलवायची नाही, हा बाबांचा नियम.

"मिस्त्री म्हणतो, कम्प्रेसर आता फार दिवस काढणार नाही," लेक म्हणाली.

"तो त्याच्या धंद्याचं बोलतो. अगं, साध्या नव्या गाडीपेक्षा स्वस्तात पडली ही आपल्याला!"

आणि त्यानंतर हिच्यावर किती पैसे घातलेत, हे तिच्या ओठांवर आलं आणि नेहमीसारखं तिथेच राहिलं. हिचा एक आरसा फुटला तेव्हा घराचा महिना कोरडा गेला होता. आईचा स्वयंपाकाचा ओटा सहा वर्षं तडकलेलाच होता. पण बाबा बोनेटवरून असा हात फिरवत की बोलायची सोय नसे.

रविवारी सकाळी साडेसहाला बाबांच्या छातीत कळ आली. आई मावशीकडे गेली होती. लेक ॲम्ब्युलन्सला फोन लावू लागली.

"ॲम्ब्युलन्स कशाला? दारात एवढी गाडी असताना? चल, तू चालव."

ती चालवायला बसली, ते शेजारी. तिने इंजिन सुरू केलं, तसा डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. कम्प्रेसर घरघरला, अडखळला, पुन्हा घरघरला. गाडी बसलेलीच.

"अशीच काढते."

"वेडी का तू? चाकं घासतील, फुगा फाटेल. दोनच मिनिटं थांब."

घामाने त्यांचा सदरा भिजला होता. दोनाची चार झाली, चाराची अकरा. मग त्यांनी उत्तर देणं थांबवलं. ती धावत जाऊन टॅक्सी घेऊन आली, तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी मिस्त्री एका भंगारातल्या गाडीचा कम्प्रेसर काढून घेऊन आला. "मजुरी नको ताई. साहेबांचा जीव होता हिच्यावर."

त्याच्या चांगुलपणाचाही तिला संताप आला.

"बसवून टाका," पायरीवरून आई म्हणाली. "त्यांची वस्तू मोडकी नको राहायला. ही मी विकणार नाही. दवाखान्यात जातानासुद्धा हिच्यातच बसले होते ते. शेवटी तेवढं तरी सुख."

लेकीने हे तीन आठवडे ऐकून घेतलं होतं. आईला टेकायला तेवढाच आधार होता, म्हणून.

काम झाल्यावर मिस्त्रीने तिला आत बसवून इंजिन सुरू करायला लावलं. गाडी आधी मागून, मग पुढून अलगद वर आली. चार मिनिटंही लागली नाहीत.

"उठली गं!" आईचे डोळे भरून आले. "बघ, कशी उठली!"

लेकीच्या डोक्यात तिडीक गेली. तिने इंजिन बंद केलं.

"आई, हिच्यातून नेलं नाही त्यांना. आम्ही नुसते बसलो होतो हिच्यात. अकरा मिनिटं. ही उठायची वाट बघत."

आई पायरीवरून उठली. "काहीतरीच काय बोलतेस?"

"कोपऱ्यावर टॅक्सी उभ्या होत्या. मला दिसत होत्या. फुगा फाटेल म्हणून ते थांब म्हणाले आणि मी थांबले. आयुष्यभर या गाडीपुढे गप्प बसले, तशीच तेव्हाही बसले."

"अगं, पण तू तरी काय..."

"मी एक शब्द तरी बोलायला हवा होता, आई!"

ती शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळली. मिस्त्री पाना हातात धरून तसाच उभा राहिला.

"बाबा, उतरा," ती ओरडली. "खड्ड्यात गेली तुमची गाडी. उतरा म्हणते ना!"