फितीमागचं चार्जिंग

"उमरखेडहून यवतमाळले जाऊन तू या डब्ब्यात त्याच दिवशी वापस आला ना, तं मी पोळ्याच्या बैलाची झूल पांघरून बसस्टँडले पाच चकरा मारीन," घनश्याम म्हणाला. "नाही आला तं तू मारजो."

"लागली!" शेजारच्या कमलाकरनं टाळी दिली.

गल्ली खिदळली. घनश्याम म्हंजे झोपलेल्या माणसाच्या चपला कडुलिंबावर टांगणारा गडी. पण कमलाकर हसत नव्हता. त्याच्या बायकोचं, शोभाचं, आठवड्यातून दोनदा यवतमाळले डायलिसिस. येताना एसटीत उभं राहून तिचे पाय लटलट कापत. म्हणून तर त्यानं ही जुनी बॅटरीची कार घेतलेली. एका चार्जिंगात दीडशे किलोमीटर चाले, अन् जाणंयेणं सव्वादोनशे. वाटेत कुठंतरी चार्ज केल्याशिवाय सुटका नाही. सोमवारी शोभाले न्यायच्या आधी रविवारी रिकामी चक्कर मारायची ठरली. घनश्याम साक्षीदार म्हणून बाजूले बसला.

यवतमाळात हॉटेलमागच्या चार्जरसमोर लग्नाची बस आडवी उभी. ड्रायव्हर जेवायले गेला तो गेलाच. मंग दवाखान्यात प्लग मागितला, तं वॉचमन म्हणे, "काका, पंख्याच्या प्लगले कार लावता काय?" उरल्यासुरल्या दमावर दोघं कसेबसे आर्णीजवळच्या पंपावर आले.

तिथं नवीकोरी मशीन. हिरवा लाइट चालू. अन् समोर लाल फीत बांधलेली, तिच्यावर झेंडूचा वाळलेला हार. घनश्यामनं हे मागच्याच महिन्यात पाह्यलं होतं. म्हणूनच पैज लावल्यापासून चार दिवस तो मनातल्या मनात हसत होता.

"फीत साहेब कापतीन," पंपावरचा लालसिंग म्हणाला. "तीन तारखा झाल्या. साहेब येऊनच नाही राह्यले."

"करंट हाये ना?"

"हाये ना, मस्त हाये! पण उद्घाटनाआधी कोणाची गाडी लावली तं माही नोकरी जाते, भाऊ."

कमलाकरनं त्याले शोभाचं सांगितलं. लालसिंगचे डोळे भरले. त्यानं चहा मागवला. चहा आला, करंट नाही आला.

घनश्यामचं हसू कुठं गेलं, त्याचं त्यालेच कळलं नाही. "फीत कापायची नाही ना? मंग खालून जातो!" म्हणत तो पोटावर पडला, बकरीवानी फितीखालून सरकला, अन् केबल ओढून कारले लावली. फीत हललीसुद्धा नाही. मशीनवर अक्षरं उमटली: 'उद्घाटनानंतर सेवा सुरू.'

घनश्याम तिथंच मातीत बसला. शेवटी पिकअपले दोर बांधून कार घरी आणली.

सोमवारी सकाळी कमलाकर झूल घेऊन बसस्टँडवर हजर. शोभा यवतमाळच्या एसटीसाठी पिशवीवर टेकलेली.

"राहू दे बे, मस्करी होती," घनश्याम म्हणाला. मंग खाली पाहत, "मले त्या फितीचं माहीत होतं."

"मलेही माहीत होतं," कमलाकर म्हणाला. "वाटलं, आतापर्यंत कापली असन."

त्यानं झूल पांघरली. आरसे चमकले, घुंगरं वाजली. कालिजातल्या पोरी मोबाइल काढून उभ्या राह्यल्या. कंडक्टर पोळ्यातल्यावानी ओरडला, "हर बोला, हर हर महादेव!" सारा स्टँड हसला. एकटा घनश्याम हसला नाही. चौथ्या चकरीले कमलाकरले धाप लागली.

"बस कर ना यार!" घनश्यामनं त्याचा हात धरला.

शोभानं पिशवीवरूनच पाह्यलं. "एकच राह्यली. मारू द्या त्याइले, भाऊजी. एसटी अजून लागली नाही."

कमलाकरनं हात सोडवला अन् पाचवी चक्कर सुरू केली.